अंदाज समितीतला ‘अंदाज’ अटकळीचा नव्हे

बोरिवलीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, सरकारी खर्चाची काटेकोर छाननी करणाऱ्या विधिमंडळाच्या समितीला ‘अंदाज समिती’ असे ढिले नाव का असावे. हिंदीप्रमाणे ‘प्राक्कलन समिती’ म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध नव्हे काय. आणि म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणाचे ‘अंदाजपत्रक’ म्हणावे की ‘अर्थसंकल्प’.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो दर अधिवेशनात कानावर पडतो. ‘विधानसभेने म्हाडाचे बजेट मंजूर केले’ हे विधान चुकीचे आहे. म्हाडा हे १९७६च्या कायद्याने निर्माण झालेले प्राधिकरण असून त्याचे वार्षिक आर्थिक नियोजन प्राधिकरणाच्या बैठकीत ठरते. राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे विधानसभेच्या मतास पडतात त्या राज्य शासनाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा, आणि त्यांत गृहनिर्माण विभागाच्या मागण्या येतात. (त्यांना ‘गृह विभागाच्या मागण्या’ म्हणणाऱ्या निवेदकांनी एकदा ठरवावे की त्यांना घरे हवी आहेत की पोलीस.) विधान परिषद या मागण्यांवर चर्चा करू शकते, मतदान करू शकत नाही. म्हाडाच्या कारभाराचा जाब सभागृहात विचारला जातो तो प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल यांच्या वाटेने.

आता शब्दाकडे वळू. ‘अंदाज’ म्हणजे अटकळ, तर्क, सुमार, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘बजेट’ शब्दाच्या मुळाशी असलेली फ्रेंच चामडी थैलीही इतक्यांदा उघडून दाखवली गेली आहे की ती आता फाटली असेल. खरी गंमत फारसीत आहे. ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे, टाकणे. त्याचे धातुरूप ‘अंदाज’. तीर फेकणारा तो तिरंदाज, गोळा डागणारा तो गोलंदाज, आणि ‘बर्क’ म्हणजे वीज, म्हणून विजेसारखा बार उडवणारा बंदूकधारी शिपाई तो बरकंदाज. वानखेडेवर चेंडू टाकणारा आणि विधान भवनात खर्चाचे आकडे तपासणारी समिती यांच्या नावांत एकच धातू आहे.

पण फेकण्याचे मोजणे कसे झाले? फारसी ‘अंदाजा’ म्हणजे माप, परिमाण. त्याच्या जुन्या, ह-कारयुक्त रूपावरून अरबीत ‘हंदसा’, म्हणजे भूमिती, हा शब्द गेला आणि त्यावरून ‘मुहंदिस’, म्हणजे अभियंता. जुन्या अरबी कोशकारांनी तर असेही नोंदवले आहे की, अरबीत ‘द’नंतर ‘ज़’ येत नाही, म्हणून त्याचा ‘स’ करावा लागला. माझा स्वतःचा तर्क असा की मधला दुवा मोजणीच्या दोरीचा असावा: जमीन मोजायची तर प्रथम दोरी टाकावी लागते आणि आपल्याकडेही मोजणीदार साखळी टाकत असत. हा तर्क कोणत्याही कोशात सापडणार नाही, परंतु मी तो सोडणार नाही. इतके मात्र निर्विवाद आहे की, अंदाज या शब्दाच्या कुळात भूमिती आणि अभियांत्रिकी आहे. त्याला ढिला म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून ‘प्राक्कलन’वाल्यांशी माझे मुळीच जमत नाही. प्राक् म्हणजे आधी, कलन म्हणजे गणना. अर्थ बिनचूक आहे, यात शंका नाही. तथापि शासकीय कार्यालयांबाहेर हा शब्द कोणाच्या तोंडी नाही, आणि ज्या समितीने जनतेच्या वतीने खर्च तपासायचा तिचे नाव तरी जनतेला उच्चारता यावे. फारसी शब्द परके म्हणून हाकलायचे असतील, तर तरतूद, शिल्लक, जमा, खर्च हे सगळेच हाकलून मग खुशाल हिशेब लिहावा. अरेरे, ‘हिशेब’ही गेला.

राहिला म्हाडाचा प्रश्न. तेथे ‘अंदाजपत्रक’ म्हणण्यात एक खरी अडचण आहे आणि ती शुद्धिवाद्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या ज्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळी आणि इमारती दक्षिण व मध्य मुंबईत उभ्या आहेत, त्यांच्या म्हाडाकडून होणाऱ्या दुरुस्तीच्या कामाचा अभियंत्याने मांडलेला खर्चही ‘अंदाजपत्रक’च म्हणवला जातो. एका इमारतीच्या जिन्याचे आणि संपूर्ण प्राधिकरणाचे अंदाजपत्रक एकाच बैठकीत आले, तर घोटाळा होणारच. तेव्हा संस्थेच्या वार्षिक जमाखर्चाला ‘अर्थसंकल्प’ आणि कामाच्या खर्चाला ‘अंदाजपत्रक’ असा भेद ठेवावा. मुंबई महापालिकेने तर दोन्ही शब्द एकत्र नांदवून ‘अर्थसंकल्पीय अंदाज’ असे नाव रूढ केले आहे आणि ते मला कोणत्याही नव्या घडणीपेक्षा अधिक पसंत आहे.

याच धातूच्या ‘नजरअंदाज’विषयी मात्र माझी तक्रार आहे. तो हिंदीतून अलीकडे आपल्या भाषणांत घुसला आहे, आणि चाळींच्या रखडलेल्या दुरुस्तीवर बोलताना ‘शासनाने हा प्रश्न नजरअंदाज केला’ असे सर्रास म्हटले जाते. मराठीत प्रश्नाकडे दुर्लक्ष होते, डोळेझाक होते आणि शासन मनावर घेईल तर काणाडोळाही होतो.