‘फ्री एजंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : अमेरिकी बास्केटबॉलपटू ख्रिस पॉलवरच्या एका मराठी मजकुरात ‘फ्री एजंट’साठी, म्हणजे ज्याचा कोणत्याच संघाशी करार उरलेला नाही अशा खेळाडूसाठी, ‘मुक्त दलाल’ असं लिहिलं होतं. हे बरोबर आहे का? नसेल तर ‘मुक्त खेळाडू’ चालेल का?

‘मुक्त दलाल’ साफ चूक. खेळाडूच्या वतीने संघाशी पैशांची बोलणी करणाराही एजंटच, पण त्याचा इथे संबंध नाही. इथला एजंट म्हणजे स्वतःच्या मर्जीने कृती करणारा. पाणिनीचं ‘स्वतन्त्रः कर्ता’ हे सूत्र (अष्टाध्यायी १.४.५४) घ्या, अर्थ जवळजवळ तोच निघतो. मला हे साम्य फार आवडतं, पण क्रीडापानावर ‘स्वतंत्र कर्ता’ छापलं तर वाचक तिथेच अडेल.

माझी पसंती ‘करारमुक्त खेळाडू’ला. ‘करारबद्ध’ आपल्याकडे रुळलेलाच आहे, त्याला ही सरळ जोडी मिळते. ‘मुक्त खेळाडू’ मी टाळेन, कारण आयपीएलच्या बातम्यांमुळे ‘संघाने अमक्याला मुक्त केलं’ हे कानात बसलंय आणि त्यात निर्णय संघाचा असतो. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, संघाने सोडणं आणि करारमुक्त होणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याच लागतात.

पॉलचंच पाहा. जून २०२४ संपताना गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला सोडलं. पुढच्या हंगामाचे ३ कोटी डॉलर करारात होते, पण एका ठरलेल्या तारखेपर्यंत ते पक्के नव्हते आणि संघाने त्याआधीच त्याला मोकळं केलं. याला तिकडे ‘वेव्ह’ करणं म्हणतात. तेवढ्याने खेळाडू करारमुक्त होत नाही. त्यानंतर ४८ तास दुसरा संघ त्याचा आहे तोच करार उचलू शकतो. कुणीच उचलला नाही, तर मग तो करारमुक्त. पॉल पुढे सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेला, एका वर्षासाठी, सुमारे १ कोटी डॉलरवर. तिथे चाळिशीच्या उंबरठ्यावर तो हंगामातले सगळेच्या सगळे ८२ सामने सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाच जणांत खेळला! २०२५च्या उन्हाळ्यात तो करार मुदत भरून संपला. म्हणजे २०२४मध्ये ‘वॉरियर्सने पॉलला मुक्त केलं’ हे बरोबर, पण २०२५मध्ये ‘स्पर्सने मुक्त केलं’ लिहिलं तर चूक. तेव्हा ‘पॉल करारमुक्त झाला’ एवढंच.

‘रिस्ट्रिक्टेड’ आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’साठी ‘सशर्त’ आणि ‘बिनशर्त करारमुक्त’ चांगले बसतात. सशर्त असेल तर दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून जुना संघ खेळाडूला ठेवून घेऊ शकतो. आयपीएल लिलावातलं ‘राइट टू मॅच’ ठाऊक असलेल्यांना हे लगेच कळेल. बिनशर्त करारमुक्तीची वाट उघडली ती १९८८मध्ये. सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेलेला टॉम चेंबर्स त्या वाटेने जाणारा पहिला.

त्याच मजकुरात ‘व्हेटरन मिनिमम’साठी ‘वृद्ध खेळाडूंचं किमान वेतन’ असंही होतं. २०२५मध्ये पॉल लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला तो याच दराने, सुमारे ३६ लाख डॉलरवर. पण हा दर वयावर नाही, लीगमध्ये काढलेल्या हंगामांवर ठरतो आणि दहा हंगामांना सगळ्यात वरची पायरी येते. एकोणिसाव्या वर्षी लीगमध्ये आलेला खेळाडू तिशीच्या आतच तिथे पोचू शकतो. म्हणून ‘सेवाज्येष्ठतेनुसार किमान वेतन’ म्हणा. आपल्या कचेऱ्यांतला हा शब्द इथे नेमका लागू पडतो. असा करार एकाच वर्षाचा असेल, तर संघावर बोजा पडतो तो फक्त दोन हंगाम काढलेल्या खेळाडूच्या किमान वेतनाइतका, वरचे पैसे लीग भरते. स्वस्तातल्या तरुणापायी जुन्याजाणत्याला डावललं जाऊ नये, म्हणून ही सोय आहे.