कंटेनर ‘रनिंग’ दिसतो, पण आतून उठत नाही: तपास कोठून सुरू करावा

सप्रेम नमस्कार.

पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. निपाणीतील आपल्या कार्यालयाच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक कंटेनर व व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) आहे आणि शनिवारी आपण तो सहाव्या आवृत्तीवरून सातव्या व लगोलग आठव्या आवृत्तीवर नेला. त्याच रात्री पावसात वीज गेली, यूपीएस उतरला आणि पहाटे वीज आल्यावर सर्व्हर आपोआप चालू झाला. तेव्हापासून १०१ क्रमांकाचा कंटेनर व्यवस्थित आहे. उबंटू २२.०४ असलेला १०४ दोन मिनिटे अडून मग उठला, मात्र हाताने पुन्हा चालू केल्यावर लगेच उठतो. सेंटओएस ७ व जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर असलेला १०७ ‘रनिंग’ दिसतो, पण त्याचा कन्सोल काळा आहे आणि पिंगला उत्तर नाही. पाच-सहा वेळा रीस्टार्ट करून झाल्यावर आपण त्याचा मागील आठवड्याचा बॅकअप ११७ या नव्या क्रमांकावर रिस्टोअर केला आणि तोही तसाच काळा राहिला. मूळ १०७ वर आपण रिस्टोअर केला नाहीत, हे फार चांगले झाले.

हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच रात्री दिसले म्हणून ते एकाच कारणाचे वाटतात, आणि तसे धरून चालल्यास एकाचा उपाय दुसऱ्याला लावण्यात दिवस जातो. (खाली आज्ञांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना ती रोमन अक्षरांत टंकावीत.)

आधी ‘रनिंग’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, असते. कंटेनरला ते नसते. तो होस्टच्याच, म्हणजे मूळ सर्व्हरच्याच, कर्नलवर चालणाऱ्या प्रक्रियांचा एक वेगळा कप्पा असतो, आणि त्या कप्प्यातील पहिली प्रक्रिया, म्हणजे इनिट, जन्माला आली की होस्टच्या लेखी कंटेनर ‘रनिंग’ झाला. पुढे त्या इनिटने फाइल सिस्टम जोडल्या का, नेटवर्क उभे केले का, सर्व्हिसेस सुरू केल्या का, याची होस्ट चौकशी करत नाही. आपला बॅकअपचा प्रयत्न याच कारणाने निष्फळ ठरला. बॅकअपमध्ये कंटेनरच्या फाइल्स असतात, कर्नल नसते. शनिवारी बदलले ते होस्टचे कर्नल आणि त्याची मांडणी, आणि जुना बॅकअपही त्याच नव्या होस्टवर उठवावा लागतो.

म्हणून इनिट जन्मल्यानंतर किती पुढे गेला, हे पाहणे ही पहिली पायरी. होस्टवर ‘एलएक्ससी-इन्फो’ ही आज्ञा कंटेनरच्या क्रमांकासह दिली की इनिटचा पीआयडी (प्रक्रियेचा क्रमांक) मिळतो आणि तो ‘पीएसट्री’ला दिला की त्याच्या पोटातील सर्व प्रक्रिया झाडासारख्या दिसतात. आपल्या १०१ चे झाड पाहा: जर्नल, क्रॉन, एसएसएच अशा फांद्या दिसतील. त्यानंतर १०७ चे पाहा. तेथे एकटा ‘सिस्टमडी’ (बहुतेक लिनक्समध्ये इनिटचे काम करणारा प्रोग्राम) दिसेल आणि त्याखाली काहीही नसेल, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर इनिट पहिल्याच पावलावर थिजला आहे आणि आत नेटवर्क शोधत बसण्यात अर्थ नाही. झाडाला फांद्या असूनही लॉगिन येत नसेल, तर कोठली तरी एक सर्व्हिस अडून बसली आहे आणि तपास निराळ्या वाटेने जातो. थिजलेल्या कंटेनरमध्येही ‘पीसीटी एंटर’ने शिरता येते, कारण ती आज्ञा लॉगिनवर अवलंबून नाही, मात्र आत ‘सिस्टमसीटीएल’ला (सिस्टमडीला आज्ञा देणारे साधन) बसशी, म्हणजे सिस्टमडीशी बोलण्याच्या मार्गाशी, जोडता येत नाही असे उत्तर येईल, आणि तीही एक खूणच समजावी.

आता १०७ बंद करून ‘पीसीटी स्टार्ट’ ही आज्ञा ‘डीबग’ पर्यायासह द्या. सुरुवातीच्याच ओळींत जुना सिस्टमडी, २३२ पेक्षा खालची आवृत्ती, आढळल्याची आणि केवळ सीग्रुप दोन (ही यंत्रणा खाली समजावली आहे) असलेल्या वातावरणात हा कंटेनर चालणार नसल्याची सूचना दिसली पाहिजे. कन्सोल आधीपासून उघडा ठेवून कंटेनर सुरू केलात, तर शेवटच्या दोन ओळी बहुधा अशा असतील: ‘फेल्ड टु माउंट सीग्रुप ॲट /सिस/एफएस/सीग्रुप/सिस्टमडी: ऑपरेशन नॉट परमिटेड’ आणि तिच्याखाली, चौकटी कंसात सहा उद्गारचिन्हे देऊन, ‘फेल्ड टु माउंट एपीआय फाइलसिस्टम्स, फ्रीझिंग’. कन्सोल नंतर उघडला की या ओळी निघून गेलेल्या असतात आणि समोर फक्त काळा पडदा उरतो. पाच-सहा रीस्टार्टनंतरही आपल्याला काहीच दिसले नाही, ते यामुळे.

कारण असे आहे. प्रक्रियांना मेमरी, सीपीयू वगैरे वाटून देणाऱ्या सीग्रुप यंत्रणेची दुसरी आवृत्ती २०१६ साली कर्नल ४.५ पासून अधिकृतपणे आली. प्रॉक्समॉक्सने २०२१ च्या सातव्या आवृत्तीपासून फक्त तीच मांडणी मूळ ठरवली. सेंटओएस ७ मधील सिस्टमडी २१९ आहे आणि उबंटू १६.०४ मधील २२९. दोघांनाही ही मांडणी कळत नाही. ते जुन्या पद्धतीची जागा शोधतात, ती जोडण्याची परवानगी मिळत नाही आणि ते थांबतात. आपल्याकडे १०१ का चालतो, याचेही उत्तर यातच आहे, कारण त्यातील सिस्टमडी नवा असणार. आवृत्ती पाहण्यासाठी आत शिरून ‘सिस्टमसीटीएल --व्हर्जन’ द्यावे. थिजलेल्या कंटेनरमध्येही ही आज्ञा उत्तर देते. (उलट प्रकारही घडतो. होस्ट जुना आणि कंटेनर अगदी नवा असेल, तर २०२४ मधील सिस्टमडी २५६ पासून जुन्या सीग्रुपवर उठण्यास नकार मिळतो.)

यावर तात्पुरता उपाय आहे. होस्टच्या कर्नलच्या आज्ञेत ‘सिस्टमडी.युनिफाइड_सीग्रुप_हायरार्की=०’ हे घालून होस्ट रीबूट केला की जुनी मांडणी परत येते आणि १०७ उठतो. मात्र हा बदल त्या होस्टवरील सर्वच कंटेनरांना लागू होतो, शिवाय प्रॉक्समॉक्सच्या नवव्या आवृत्तीत ही सोयच काढून टाकली आहे. कामकाज अडले असेल तर हिशेब बाहेर काढण्यापुरता त्याचा उपयोग करावा, कायमचा नव्हे. सेंटओएस ७ चे अद्ययावतीकरण ३० जून २०२४ रोजी संपले आहे, हेही लक्षात घ्यावे. सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीवरच चालत असेल, तर ते कंटेनरमध्ये न ठेवता स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवणे मला योग्य वाटते, कारण तेथे त्याला स्वतःचे ३.१० कर्नल मिळते आणि होस्टवर उद्या काय बदलले याच्याशी त्याचा संबंध राहत नाही.

१०४ ची गोष्ट वेगळी आहे. आपण ‘दोन मिनिटे’ असे लिहिले आहे आणि माझ्या दृष्टीने आपल्या संपूर्ण प्रश्नातील हा सर्वांत मोलाचा तपशील आहे. कंटेनर अडून बसतो तेव्हा घड्याळ लावून बसावे, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण प्रत्येक अडथळ्याची मुदत ठरलेली असते. बरोबर दोन मिनिटे गेली, तर बहुधा नेटवर्कडीची (सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) ‘वेट-ऑनलाइन’ ही सर्व्हिस आयपी पत्ता मिळण्याची वाट पाहत आहे; तिची मूळ मुदत १२० सेकंद आहे. दीड मिनिट गेले, तर ती सर्वसाधारण सर्व्हिसची ९० सेकंदांची मुदत होय आणि कोठली तरी माउंट किंवा डेटाबेस अडला असण्याचा संभव अधिक. डेबियनवर पाच मिनिटे गेली, तर जुन्या पद्धतीची ‘नेटवर्किंग’ सर्व्हिस पाहावी. कंटेनरच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ साठी डीएचसीपी (पत्ता आपोआप मागण्याची पद्धत) निवडलेले असते आणि कार्यालयात तसा सर्व्हर नसतो, तेव्हा नेमके हेच घडते. सर्व काही उठलेले आहे, पण पासवर्ड दिल्यानंतर पंचवीस सेकंद पडदा स्तब्ध राहतो, असे असेल तर लॉगिनडी (लॉगिनची नोंद ठेवणारी सर्व्हिस) सुरू झालेली नाही. अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर रूटचे अधिकार नसलेल्या) कंटेनरमध्ये ‘नेस्टिंग’ (कंटेनरच्या आत कंटेनर चालवू देणारा पर्याय) बंद असले की नव्या सिस्टमडीची ही तक्रार हमखास येते.

अडलेला असतानाच आत शिरता आले, तर ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स’ द्यावे. त्यात बहुधा एकाच ओळीपुढे ‘रनिंग’ असते आणि बाकी सर्वांपुढे ‘वेटिंग’. ती एक ओळ हाच अडथळा. वेळ निघून गेली असेल, तर ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ आणि त्या बूटचे जर्नल पाहावे.

आपला १०४ हाताने चालू केल्यावर लगेच उठतो, याचा अर्थ कंटेनरमध्ये दोष नाही. पहाटे वीज आली तेव्हा सर्व्हर, राउटर आणि स्विच एकाच क्षणी चालू झाले. सर्व्हर आधी तयार झाला, १०४ ने पत्ता मागितला आणि देणारा राउटर अजून जागा झालेला नव्हता. आपल्या भागात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, जून ते सप्टेंबर या काळात हे वारंवार घडते. त्यासाठी १०४ ला स्थिर आयपी द्यावा आणि होस्टच्या ऑप्शन्समध्ये ‘स्टार्ट ऑन बूट डिले’ हा पर्याय १२० सेकंदांच्या आसपास ठेवावा. कंटेनर एकमेकांवर अवलंबून असतील, तर प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये क्रम आणि दोहोंमधील अंतरही ठरवता येते.

वीज गेल्यानंतरच्या याच विलंबातून होणारा एक गंभीर प्रकार सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात कंटेनर पूर्ण उठतो आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्याचे काम माझ्याकडे होते. ओतकामाची रेखाचित्रे आणि बिलांच्या प्रती एका वेगळ्या स्टोरेजवर असत. ते होस्टवर एनएफएसने (नेटवर्कवरून स्टोरेज जोडण्याची पद्धत) जोडलेले होते आणि तेथून बाइंड माउंटने (एक डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवण्याची सोय) कंटेनरला दिलेले होते. एका रात्री वीज जाऊन आली. स्टोरेज उठण्यापूर्वीच कंटेनर उठला आणि त्याला होस्टवरील तीच, पण रिकामी डिरेक्टरी मिळाली. दिवसभर बिले तयार होत राहिली आणि त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे होस्टच्या स्वतःच्या डिस्कवर, साठत राहिली. संध्याकाळी ‘जुनी रेखाचित्रे दिसत नाहीत’ असा फोन आला, मी कंटेनर रीस्टार्ट केला, रेखाचित्रे दिसू लागली आणि त्या दिवसाची सर्व बिले नाहीशी झाली. ती पुसली गेली नव्हती. आता जोडल्या गेलेल्या एनएफएसच्या खाली झाकली गेली होती. होस्टची मूळ फाइल सिस्टम दुसऱ्या जागी बाइंड माउंट करून पाहिल्यावर ती सर्व तेथे सापडली, पण ते सुचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले होते आणि लेखा विभागातील बाई तोवर बिले पुन्हा टंकत बसल्या होत्या. तेव्हापासून मी एनएफएस जोडण्यापूर्वी रिकाम्या डिरेक्टरीवर ‘सीएचॲटर +आय’ (डिरेक्टरीत काहीही बदलू न देणारी आज्ञा) देऊन ठेवतो. मग स्टोरेज जोडलेले नसेल तर तेथे एकही फाइल लिहिली जात नाही आणि चूक पहिल्याच मिनिटाला उघड होते. आपल्या १०१ ला असे काही जोडलेले असेल, तर त्या पहाटेनंतरच्या फाइल्स कोठे लिहिल्या गेल्या हे आजच तपासा.

आणखी दोन गोष्टी ओघाने. कंटेनरांची संख्या वाढल्यावर नवा कंटेनर अर्धवट उठून ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणत असेल, तर डिस्क नव्हे, होस्टवरील आयनोटिफायची (फाइल्समधील बदलांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेची) मर्यादा पाहावी. ‘मॅक्स_युजर_इन्स्टन्सेस’ची मर्यादा संपली की असे घडते. आणि आपल्या सीमाभागातील कार्यालयांत मराठी व कन्नड दोन्ही लोकेल (भाषेची सेटिंग) ठेवण्याची पद्धत असल्यामुळे कंटेनरमध्ये शिरताच लोकेल सापडत नसल्याचा इशारा अनेकांना दिसतो. त्याने बूट अडत नाही. तपासाच्या वेळी तो बाजूला ठेवावा.

आपण आता पुढील क्रमाने काम करावे. १०७ बंद करा आणि त्याला हात न लावता एक नवा बॅकअप घ्या; तो उठत नसला तरी बॅकअप घेता येतो. ११७ तूर्त तसाच राहू द्या. मग ‘पीसीटी माउंट १०७’ द्या. कंटेनर न उठवताही त्याच्या सर्व फाइल्स होस्टवर /व्हार/लिब/एलएक्ससी/१०७/रूटएफएस येथे दिसतील आणि हिशेबाचा डेटा तेथून आरसिंकने (फाइल्सची नकल करणारी आज्ञा) नव्या व्हर्च्युअल मशीनमध्ये नेता येईल. कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड असेल, तर फाइल्सच्या मालकांचे क्रमांक १,००,००० ने वाढलेले दिसतील. नकल झाल्यावर नव्या मशीनमध्ये मालकी मूळ क्रमांकांवर आणावी लागेल, अन्यथा डेटाबेस सुरू होणार नाही. काम संपल्यावर ‘पीसीटी अनमाउंट’ विसरू नका, कारण तोवर कंटेनरला कुलूप लागलेले असते.

१०७ चे ‘पीएसट्री’ आणि ‘डीबग’सह सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस ओळी येथे द्या. झाडाला फांद्या दिसल्या, तर वर बांधलेला माझा अंदाज चुकला असे समजून आपण पुन्हा पहिल्यापासून पाहू.