गेममधलं प्रेम आणि शेजारी बसलेली बायको

ताई, मी आणि नवरा रोज रात्री मिळून व्हिडिओ गेम खेळतो. सध्या ‘द विचर ३’ चालू आहे. कंट्रोलर त्याच्याकडे असला तरी कुठे जायचं, कोणाला काय उत्तर द्यायचं, हे आम्ही दोघं ठरवतो. प्रणयाचा प्रसंग आला की मात्र तो न विचारताच बटण दाबतो आणि मला उठून जावंसं वाटतं. ‘गेमच तर आहे’ म्हणतो. असल्या गोष्टी गेममध्ये हव्यातच कशाला? की मीच जुन्या विचारांची?
– अस्वस्थ

प्रिय सखी,

जुन्या विचारांची मुळीच नाहीस तू. सिनेमातला नायक काय करतो ते आपण नुसतं पाहतो. इथे निवड तुझ्या नवऱ्याची असते आणि तू शेजारीच बसलेली असतेस. ते खुपणारच. ‘गेमच तर आहे’ म्हणून त्याने ते झटकून टाकावं, हे मला अजिबात पटलं नाही.

तरी गेममधून प्रणय काढूनच टाकावा, असं मी म्हणणार नाही. ज्या पात्रांसोबत शंभर-शंभर तास काढायचे, त्यांच्यात जीव गुंततोच. ‘मास इफेक्ट’ ही गेमची मालिका घे. पहिल्या भागात जुळलेलं प्रेम पुढच्या भागांतही सोबत येतं आणि मध्येच दुसऱ्या कोणाशी जवळीक केली, तर पहिलं माणूस त्याचा जाब विचारतं. कित्येक वर्षं चालणाऱ्या मालिकेलाच हे साधतं.

मला राग येतो तो प्रेमाचं बक्षीस केलं की. २००७ साली आलेल्या पहिल्या ‘विचर’मध्ये प्रत्येक जवळिकीनंतर खेळणाऱ्याला त्या बाईचं चित्र असलेलं कार्ड मिळायचं. बाई म्हणजे जमवायची वस्तू! पुढच्या भागांत ती कार्डं गेली. उलट २०१५च्या तिसऱ्या भागात ट्रिस आणि येनिफर या दोन्ही जादूगारणींना प्रेमाची कबुली देणाऱ्या नायकाला, म्हणजे गेराल्टला, त्या दोघी मिळून चांगला धडा शिकवतात आणि एकटा सोडून जातात. (तिथवर पोचला नसाल, तर आधीच सांगितल्याबद्दल माफ कर.) मालिका तीच, दृश्यं उघडच, पण बायकांना आता स्वतःचं मन आहे. आणि अंगावर कपडे असले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेममध्ये आक्षेपार्ह काहीच नाही, पण भेटवस्तू देत राहिलं की मनं जिंकत जातात. प्रेमाचा तो हिशोब मला जास्त टोचतो.

आता तुझं. नक्की काय दुखतं, ते आधी स्वतःला विचार. नग्नता नको असेल तर सोपं आहे. ते दृश्य वगळून पुढे जाता येतं. पुढचा गेम म्हणून २०२३चा ‘बाल्डर्स गेट ३’ घेतलात, तर त्याच्या सेटिंगमध्ये नग्नता लपवायची सोय आहे, शिवाय दोघांना आपापलं पात्र घेऊन एकत्र खेळता येतं.

पण तुझ्या पत्रातलं ‘न विचारता’ मी दोनदा वाचलं. बाकी सगळं दोघांनी ठरवायचं आणि नेमकं हेच त्याने एकट्याने! मला वाटतं, दुखणं इथे आहे. हे त्याला सांग, पण गेम बंद असताना, निवांत बसून. आणि पुढच्या वेळी ट्रिस किंवा येनिफर समोर आली की कंट्रोलर स्वतःकडे मागून घे.

– तुझी ताई