दारू सुटल्यानंतरची गोळी

प्रश्न : माझ्या यजमानांनी दोन महिन्यांपूर्वी दारू सोडली आहे. पुन्हा पिऊ नयेत म्हणून डायसल्फिरामची गोळी नकळत चहातून द्यावी, असे शेजारी सुचवतात. द्यावी का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : कृपया देऊ नका. डायसल्फिराम यकृतातील एका विकराचे (एन्झाइमचे) काम रोखते. त्यामुळे दारू प्यायल्यास तिच्यापासून बनणारे विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचून चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड असा त्रास होतो, आणि हृदयविकार असलेल्याच्या तो जिवावरही बेतू शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ज्याला ठाऊकच नाही, तो सावध कसा राहणार? शिवाय हे औषध ओढ कमी करत नाही, धाक घालते. म्हणून ते रुग्णाच्या संमतीनेच, शक्यतो घरच्यांच्या देखत घ्यावे. खोकल्याची काही औषधे आणि आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी आसवे-अरिष्टे यांतही मद्यार्क असतो आणि गोळी चालू असताना त्यांनीही असाच त्रास होऊ शकतो, हे सहसा लक्षात येत नाही.

ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन (बहुधा रोज ५० मिलिग्रॅम) किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. पहिल्यापूर्वी यकृताची, दुसऱ्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी होते. अफूजन्य वेदनाशामके चालू असल्यास नाल्ट्रेक्सोन चालत नाही. यजमानांना विश्वासात घेऊन बेळगावातील मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवावे. उपचार साधारणतः निदान सहा महिने चालतात; मध्ये एखादे वेळी पाय घसरला, तरी औषध स्वतःहून न बदलता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.