‘कालावेरा’ला ‘कवटी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: मेक्सिको सिटीत घडणारी मुलांची रहस्यकादंबरी मराठीत आणताना, तीत पानोपानी येणाऱ्या ‘कालावेरा’ या स्पॅनिश शब्दासाठी ‘कवटी’ वापरावा, की मूळ शब्दच ठेवावा?

मूळ शब्द ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. कोशात ‘कवटी’ हाच अर्थ सापडेल आणि तो बरोबरही आहे. पण मराठीत कवटी म्हटली की स्मशान, मांत्रिक, नाहीतर विषाच्या बाटलीवरचं चिन्ह डोळ्यांपुढे येतं. मेक्सिकोतलं मूल मात्र कालावेरा खातं. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांचा सण असतो. तेव्हा साच्यात घडवलेल्या साखरेच्या कालावेरा बाजारात येतात. त्यांच्यावर रंगीत साखरेची वेलबुट्टी असते आणि कपाळावर कुणाचं तरी नाव. ते नाव गेलेल्या माणसाचंच असतं असं नाही. जिवलग मित्रालाही त्याच्या नावाची कालावेरा भेट देतात. रहस्यकथेत हे फार मोलाचं आहे. नायिकेला दाराशी स्वतःच्या नावाची कालावेरा सापडली, तर ती धमकी की माया? वाचकाला हा प्रश्न पडायला हवा. ‘कवटी’ लिहिलंत की उत्तर आधीच फुटलं.

शिवाय हा शब्द एवढ्यावर थांबत नाही. याच सणात जिवंत माणसांवर गमतीदार पद्यं रचतात, त्यांनाही कालावेराच म्हणतात. पुढारी असो वा वर्गशिक्षक, त्याला मृत्यू कसा उचलून नेतो याचं ते चेष्टेखोर वर्णन असतं. आपली वात्रटिका त्याच्या बरीच जवळ जाते. (स्पॅनिशमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी आहे आणि या पद्यांत तो बाई होऊन येतो. तिथे यमराजाला आणू नका.) सणात मुलं दारोदार ‘कालावेरिता’ मागतात, म्हणजे खाऊ किंवा सुटे पैसे. आणि मेक्सिकोत गाडीच्या मागच्या लाल दिव्यालाही कालावेरा म्हणतात! ‘एक कालावेरा फुटलेली होती’ असं वाक्य तपासात आलं, तर आधी ती गाडीची आहे का ते पाहा.

चित्रकलेच्या प्रकरणात मेक्सिकन छापचित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा यांचं नाव बहुधा येईलच. १८५२ ते १९१३ हा त्यांचा काळ. परकी ऐट मिरवणाऱ्यांची टर उडवण्यासाठी त्यांनी फुलापिसांची मोठी टोपी घातलेली एक सांगाड्याची बाई कोरली. पुढे चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या आलामेदा बागेवरच्या १९४७च्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला आणि बाल दिएगोचा हात तिच्या हातात दिला. ‘कात्रिना’ म्हणून आज ओळखतात ती हीच. पोसादांच्या अशा चित्रांनाही कालावेराच म्हणतात, आणि त्यांत अख्खे सांगाडे असतात. इथे तर ‘कवटी’ सरळ चूकच ठरेल.

व्याकरणाचा त्रास नाही. मुळात शब्द स्त्रीलिंगी आहे, कवटीही स्त्रीलिंगी, तेव्हा ‘ती कालावेरा’ म्हणा आणि ‘शाळा’सारखा चालवा: एक कालावेरा, तीन कालावेरा, कालावेरेवर, कालावेरांमध्ये. पहिल्यांदा शब्द येईल तिथे एखाद्या पात्राच्या तोंडून अर्थ कळू द्या. तळटीप नको, मुलं ती वाचत नाहीत.

सगळेच स्पॅनिश शब्द असे जपावेत, असं मात्र नाही. गेलेल्यांसाठी मांडलेल्या आराशीवर ‘सेम्पासुचिल’ची फुलं असतात, तिथे बेलाशक ‘झेंडू’ लिहा. नावात्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेत त्या मूळ नावाचा अर्थ ‘वीस फुलं’ असा आहे. हे झाड मेक्सिकोकडचंच, आणि आपल्या मुलांना ते दसऱ्याच्या तोरणातून चांगलं ओळखीचं आहे.