कुठलं विंटरबोर्न? आणि वाचकांचे इतर प्रश्न

प्रश्न : ताई, आमचं घराणं भुसावळचं, रेल्वेतलं. पण खापरपणजोबा गोरे होते, बॉम्बे आर्टिलरीत गनर. १८५७ साली अहमदनगरला लग्न झालं आणि ते परत गेलेच नाहीत. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर 'विंटरबोर्न, डॉर्सेट' एवढंच वाचता येतं. तुम्ही इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्येच राहता म्हणून विचारतो. हे गाव कुठे आहे? तिथल्या चर्चला पत्र लिहिलं तर आमच्या लोकांची माहिती मिळेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : पत्र लिहू नका, निदान आत्ता तरी नको. कारण ते कोणत्या विंटरबोर्नला लिहाल? विंटरबोर्न किंग्स्टन, विंटरबोर्न स्टिकलंड, विंटरबोर्न व्हाइटचर्च, विंटरबोर्न झेल्स्टन, विंटरबोर्न ॲबस, शिवाय अजून काही. आपल्याकडे नुसतं 'पिंपळगाव' सांगून बुद्रुक की खुर्द, बसवंत की आणखी कुठलं हे न सांगण्यासारखंच आहे हे. प्रत्येक विंटरबोर्नचं चर्च वेगळं, बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या वह्या वेगळ्या.

दुसरं म्हणजे, जुन्या वह्या आता सहसा चर्चमध्ये नसतात. १९७८ साली झालेल्या चर्चच्या नियमानुसार त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्ड ऑफिसकडे सोपवल्या गेल्या. डॉर्सेटच्या वह्या डॉर्चेस्टरच्या 'डॉर्सेट हिस्टरी सेंटर'मध्ये आहेत आणि त्यांच्या पानांच्या प्रतिमा अ‍ॅन्सेस्ट्री या संकेतस्थळावर दिसतात. पाच-सहा गावं एकटा सांभाळणारा पाद्री तुमच्या पत्राला काय उत्तर देणार? 'रेकॉर्ड ऑफिसला विचारा', एवढंच.

म्हणून सुरुवात डॉर्सेटपासून नको, नगरपासून करा. मुंबई इलाख्यातल्या इंग्लिश पाद्र्यांनी केलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या क्रमांकाखाली आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर शोधता येतात. लग्नाच्या नोंदीत हुद्दा आणि शक्यतो बटालियन, कंपनी सापडेल, ती नीट उतरवून घ्या. खापरपणजी कॅथलिक असतील तर नगर-पुण्याकडच्या कॅथलिक चर्चच्या वह्याही बघा, कारण त्यांच्या नकला लंडनला तितक्या नियमाने गेलेल्या नाहीत.

आता सैन्याचे कागद. इथे बरेच जण चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात. बॉम्बे आर्टिलरी हे कंपनी सरकारचं दल होतं, राणीच्या फौजेचा भाग नव्हतं. त्यामुळे त्यांच्या भरतीचे कागद, जहाजावर चढलेल्यांच्या याद्या आणि हजेरीपट लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये न शोधता ब्रिटिश लायब्ररीतच शोधायचे. भरती-जहाजांसाठी एल/एमआयएल/९, मुंबईच्या फौजेसाठी एल/एमआयएल/१२. कंपनीची सत्ता संपल्यावर, १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे तोफखाने रॉयल आर्टिलरीत विलीन झाले. त्यानंतरही खापरपणजोबा नोकरीत राहून पेन्शनीत निघाले असतील, तर मात्र नॅशनल आर्काइव्हजमधली 'डब्ल्यूओ ९७' ही मालिका पाहा. तिथल्या छापील फॉर्मवर जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हाताखालचा गावभाग), जवळचं शहर आणि काउंटी अशा तिन्ही जागा भरलेल्या असतात. 'जवळचं शहर ब्लँडफर्ड' निघालं, की ॲबससारखी डॉर्चेस्टरकडची गावं बाजूला पडतात आणि यादी एकदम आखूड होते.

वयावर विश्वास ठेवू नका. भरतीच्या वेळी पोरं सर्रास वय फिरवत. डॉर्सेटच्या शेतमजुराच्या पोराने कंपनीचा कोट का चढवला, याचं उत्तर शोधायला मात्र फार लांब जायला नको. इंग्लंडात सगळ्यांत कमी शेतमजुरी मिळणाऱ्या काउंट्यांपैकी ही एक. आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली आणि सहावर येणार अशी भीती होती, तेव्हा टॉलपडलच्या सहा मजुरांनी संघटना बांधली. १८३४ साली त्यांना काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं. ते टॉलपडल विंटरबोर्न किंग्स्टनपासून फार दूर नाही.

गाव निश्चित झालं की बाप्तिस्म्याची वही उघडा. खापरपणजोबा बहुधा १८१३नंतर जन्मलेले, हे तुमचं नशीब. त्या वर्षीपासून छापील रकाने आले : मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. त्याआधी पाद्री मनाला येईल तेवढंच लिही. मग १८५१ची शिरगणती. मुलगा तोवर जहाजावर चढला असला तरी आईबाप घरी असतील आणि त्या शिरगणतीत प्रत्येकाचं जन्मगाव पॅरिशच्या नावानिशी दिलेलं आहे. १८४१च्या शिरगणतीवर वेळ घालवू नका. तिच्यात जन्म याच काउंटीत झाला का, एवढ्याचंच हो-नाही आहे आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत.

आणि आडनाव सापडलं नाही तर हातपाय गाळू नका. ज्याला लिहिता येत नाही तो बोलणार, कारकून कानाला येईल ते लिहिणार. इथल्या जुन्या गावरान बोलीत 'फ'चा 'व्ह' आणि 'स'चा 'झ' होतो. फाउलर मिळत नसेल तर व्हाउलर शोधून पाहा.

प्रश्न : माझी सून इंग्लिश आहे. नातवासाठी तिच्या माहेरची वंशावळ करायला घेतली आहे. एकाच जोडप्याला विल्यम नावाची तीन मुलं दिसतात, हे कसं? आणि एका मुलीचा बाप्तिस्मा डिसेंबर १७२०मध्ये, पण दफन फेब्रुवारी १७२०मध्ये! जन्माआधीच मरण?
– एक आजी, पुणे

उत्तर : पहिल्या दोन विल्यमांची दफनं शोधा, बहुतेक सापडतील. गेलेल्या मुलाचं नाव पाठच्याला ठेवायची रीत होती. दफन मिळालं नाही तर मात्र त्याच गावात त्याच नावांची दोन जोडपी असण्याची शंका घ्या.

मुलीचं कोडं सोपं आहे. १७५१पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. डिसेंबर १७२०नंतर येणारा फेब्रुवारीही १७२०चाच. तुम्ही आपल्या वहीत '१७२०/२१' असं लिहा, म्हणजे पुढे गोंधळ नको. बाळ दोन महिन्यांचं होऊन गेलं, बिचारं. त्याच काळातली काही पानं लॅटिनमध्ये असतील, १७३३पासून ते बंद झालं. गुलिएल्मस दिसला की तो तुमचा विल्यम, याकोबस म्हणजे जेम्स.

नातवाला हे सगळं आवडेल की नाही, ते तो मोठा झाल्यावर बघू!

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, आता रेडिंगला असते. नवऱ्याच्या एका पूर्वजाचा बाप्तिस्मा १८०६ साली ब्लँडफर्डजवळच्या खेड्यात झाला आहे. नोंदीत फक्त आईचं नाव आणि पुढे 'बेस बॉर्न', म्हणजे लग्नाशिवायचा. सासूबाई म्हणतात, इथेच थांब, पुढे काही मिळायचं नाही. खरंच थांबू का? आणि खोदलं तर ते बरं दिसेल का?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : थांबू नका. उलट तुमच्या हाती आलेल्या नोंदींत सगळ्यांत जास्त कागद मागे सोडणारी नोंद हीच असू शकते. लग्नाच्या जोडप्याचं मूल वहीत एक ओळ घेतं आणि विषय संपतो. इथे मात्र पैशाचा प्रश्न होता आणि जिथे पैसा आला तिथे गावाने लिहून ठेवलं.

१६०१च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर टाकली होती. त्यासाठी गावातल्या शेतकऱ्यांकडून, घरवाल्यांकडून गरीबपट्टी वसूल होई. ती वसूल करून वाटणारा 'ओव्हरसिअर' हा गावातलाच एखादा शेतकरी नाही तर दुकानदार, वर्षभर बिनपगारी राबणारा. अविवाहित पोरीला दिवस गेले की त्याला पहिला प्रश्न पडे : हे मूल पोसायचं कुणी? म्हणून तिला मॅजिस्ट्रेटसमोर नेऊन शपथेवर बापाचं नाव विचारलं जाई. ते सापडलं की त्या पुरुषाकडून हमीपत्र लिहून घेत किंवा बाळंतपणाचा खर्च आणि आठवड्याला अमुक शिलिंग असा हुकूम निघे. तो पळाला तर अटकेचं वॉरंट. चर्चच्या वहीत नसलेलं बापाचं नाव या कागदांत असतं, कित्येकदा त्याच्या गावासकट आणि धंद्यासकट.

हे कागद पूर्वी चर्चमधल्या कुलूपबंद लाकडी पेटीत असत. आज रेकॉर्ड ऑफिसच्या सूचीत त्या पॅरिशच्या 'ओव्हरसिअर्स ऑफ द पूअर' या शीर्षकाखाली शोधा. हुकूम मिळाला नाही तर हिशेबाची वही चाळा. ती चाळणं मला स्वतःला फार आवडतं. एका आठवड्याला अमकीला दोन शिलिंग, पुढच्या आठवड्याला तिच्या पोराच्या बुटांचे पैसे, मग दाईचे, मग शवपेटीचे. रजिस्टरमध्ये माणूस जन्मतो, लग्न करतो, मरतो. हिशेबात तो आजारी पडतो, त्याचे बूट फाटतात. नवऱ्याचा पूर्वज आठ-दहा वर्षांचा झाल्यावर पॅरिशने त्याला कुणा शेतकऱ्याकडे उमेदवारीला बांधलं असेल, तर त्याचा करारही असू शकेल.

त्याच्या आईची 'सेटलमेंट'ची जबानी मिळाली तर सोनंच. १६६२पासून कोणत्या गावाने कुणाला पोसायचं याचे नियम होते. बाहेरचं माणूस मदत मागायला आलं की त्याची साक्ष काढत : जन्म कुठला, कुणाकडे सालदारीवर होतीस, वर्ष पुरं केलंस का, पगार किती. लिहिता न येणाऱ्या बाईच्या आयुष्याची तिच्याच तोंडची हकिगत दुसरीकडे कुठे मिळत नाही. खाली सहीच्या जागी फुली. असं मूल सहसा जिथे जन्मे त्याच गावाच्या माथी पडे, म्हणून शेजारचे पॅरिश भरल्या दिवसांच्या बायकांना हद्दीबाहेर काढायची घाई करत. १८०६चा बाप्तिस्मा ज्या गावात आहे ते आईचं गाव असेलच असं नाही, हे त्यामुळे लक्षात ठेवा.

काहीच सापडलं नाही तर तोही पुरावा मानायला मी तयार आहे. मुलीच्या घरच्यांनी मूल सांभाळलं किंवा बापाने गुपचूप पैसे दिले, तर पट्टीवर बोजा पडला नाही आणि कागद झाला नाही. अशा वेळी पोराचं मधलं नाव बघा. ते आडनावासारखं वाटत असेल तर बहुधा बापाचं. तो १८३७च्या जुलैनंतर लग्नाला उभा राहिला असेल तर दाखल्यात वडिलांच्या नावाचा रकाना आहे, मात्र त्यात कधी आजोबांचं नाव घातलेलं असतं, कधी नुसती रेघ.

आता बरं दिसेल का, याबद्दल. सासूबाईंना संकोच वाटतो ते मी समजू शकते, माझ्या सासरीही एका पणजीबद्दल अशीच कुजबुज होती. पण ज्या बाईला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून असले प्रश्न विचारले, तिची लाज आपण कशाला वाहायची? सापडलेले कागद आधी सासूबाईंना दाखवा, वंशावळीच्या झाडात नंतर चढवा.

प्रश्न : संकेतस्थळावर दुसऱ्या कुणी केलेली आमच्या जावयाच्या घराण्याची वंशावळ १५३८पर्यंत तयार मिळाली. ती उतरवून घेतली तर चालेल ना? फक्त १७९० ते १८३०मधले बाप्तिस्मे वहीत दिसत नाहीत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही चालणार. १५३८ या सालाचाच मला संशय येतो. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने पॅरिशांना वह्या ठेवायचा हुकूम दिला ते हे वर्ष, म्हणून हौशी झाडं नेमकी तिथवर पोचतात! प्रत्यक्षात त्या वर्षापासूनची वही थोड्याच गावांत उरली आहे. त्या गावाची सर्वांत जुनी वही कोणत्या सालची, हे आधी रेकॉर्ड ऑफिसच्या सूचीत बघा. ती १५३८नंतरची निघाली तर त्याआधीची नावं कुठून आली, ते झाड करणाऱ्यालाच विचारा.

चाळीस वर्षं बाप्तिस्मे नाहीत, पण लग्नं आणि दफनं आहेत? मग ते इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथांच्या, म्हणजे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट किंवा काँग्रिगेशनल चॅपलला जाणारं घर असेल. १७५४पासून क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न इंग्लंडच्या चर्चमध्येच करावं लागे, म्हणून ते तिथे दिसतं. १८३७च्या सुमारास बऱ्याच चॅपल्सनी आपल्या वह्या सरकारकडे जमा केल्या. त्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'आरजी ४' या क्रमांकाखाली आहेत. आधी तिथे शोधा, मग पुन्हा लिहा.