फासा टाकायच्या आधी आणि नंतर

प्रश्न: आम्ही पाच जण दर शनिवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायचा फाशांचा गेम) खेळतो, पाचवी एडिशन. माझं पात्र बार्ड म्हणजे भाट आहे, पर्सुएशन (पटवण्याचं स्किल) प्लस सात, म्हणजे 20 बाजूंच्या फाशावर पडेल त्यात सात मिळवायचे. मी स्वतः चारचौघांत बोलताना खूप अडखळतो, म्हणूनच मुद्दाम गोडबोल्या बार्ड घेतला. मागच्या सेशनला रात्री वेशीवरच्या पहारेकऱ्याला पटवून आत शिरायचं होतं. मी म्हटलं समजावतो त्याला, तर डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) म्हणाला काय बोलतोस ते बोलून दाखव. मी कशीबशी दोन वाक्यं बोललो आणि तो म्हणाला नाही पटलं त्याला, रोलची म्हणजे फासा टाकायची गरज नाही. डीएमचा शब्द शेवटचा हे मान्य, पण मग त्या प्लस सातचं करायचं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचं दुखणं अगदी रास्त आहे आणि मला मनापासून वाटतं की इथे तुमच्या डीएमचं चुकलं. कुलूप उघडणाऱ्या 'रोग'च्या (चोरट्या पात्राच्या) खेळाडूला कुणी तार देऊन घरातलं कपाट उघडायला लावत नाही ना, मग बार्डवाल्यालाच परीक्षा का?

आकडेच बघा. पाचव्या लेव्हलला करिश्मा (पात्राची छाप पाडायची ताकद) 18 म्हणजे प्लस चार आणि प्रोफिशियन्सीचे (शिकलेल्या स्किलचे) तीन, असे ते सात होतात. मध्यम अवघड कामाला डीसी (गाठायचा आकडा) 15 धरतात, म्हणजे तुम्हाला फाशावर 8 किंवा वर हवेत, 65 टक्के चान्स. ज्याच्याकडे शून्य आहे त्याला 15 हवेत, त्याचा चान्स 30 टक्के. हा फरक तुम्हाला फुकट मिळालेला नाही, त्यासाठी तुम्ही ताकद सोडली असेल, जाड चिलखत सोडलं असेल, आणि डीएमने रोलच नाकारला की ते सगळं पाण्यात जातं, वर टेबलावर जो मुळातच बोलका आहे तो करिश्मा 8 ठेवून सगळ्यांना पटवत फिरतो.

खेळाडूलाच बोलून दाखवायला लावायची ही सवय येते कुठून तेही सांगतो. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा हा गेम आला तेव्हा त्यात स्किल्सची यादीच नव्हती, सापळा शोधायचा तर काठीने कुठे ठोकून बघतो ते खेळाडूच तोंडाने सांगायचा. 1975 च्या ग्रेहॉक पुरवणीत थीफ म्हणजे चोराचं पात्र आलं आणि कुलूप उघडणं, सापळा काढणं याला टक्केवारी लागली, तेव्हापासून खेळाडूचं बोलणं मोजायचं की फासा, हा वाद चालू आहे. पण पाचव्या एडिशनच्या 2014 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये रोलप्लेच्या दोन्ही पद्धती सरळ दिल्यात, कॅरेक्टरच्या आवाजात बोला किंवा तो काय करतो ते नुसतं सांगा. तेवढं पान डीएमला दाखवा.

आता तुमच्या बाजूनेही एक गोष्ट लागते हां. नुसतं 'पर्सुएशन टाकतो' म्हटलं तर डीएमने तरी काय ठरवायचं? काय मागताय आणि त्याने का ऐकावं, एवढं सांगायलाच हवं, अडखळत सांगा, कागदावर लिहून सरकवा, काही बिघडत नाही. समजा तुम्ही म्हणालात की 'तो थंडीत कुडकुडतोय, मी त्याला गरम दारू देतो, व्यापाऱ्याचं पत्र दाखवतो आणि सांगतो की कॅप्टनने विचारलं तर माझं नाव घे.' यावर डीसी 15 चा 10 होऊ शकतो, मग तुमचा चान्स 90 टक्के. त्याच्या पोराला धमकी दिलीत तर 20 होईल आणि चान्स 40 वर येईल. आणि शहराचा खजिना उघड म्हणालात तर रोलच नाही, तिथे डीएमने सरळ नाही म्हणावं. डीएमचा विवेक हाच, रोल हवा का, किती अवघड, हरलो तर काय होणार, आणि हे सगळं फासा टाकायच्या आधी मोठ्याने सांगायचं. तुमची वाक्यं किती सफाईदार होती हे त्यात मोजायचंच नाही.

प्रश्न: मी नवीन डीएम आहे. तळघरातलं गुप्त दार कुणालाच सापडेना, चौघांचेही रोल फसले, गोष्ट तिथेच अडली. शेवटी मी पडद्याआड स्वतः रोल केला आणि 6 आला तरी 'सापडलं' म्हणालो. खोटं बोलल्यासारखं वाटतंय.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: वाटणं बरोबर आहे, पण चूक त्या 6 ला झाली नाही, ती आधीच झाली, रोल मागितलात तेव्हा. दार सापडल्याशिवाय गोष्ट पुढे जाणारच नव्हती तर फासा टाकायचाच कशाला. डीएमसाठीचं पुस्तक, डंजन मास्टर्स गाइडही हेच म्हणतं की हरण्याने खरंच काही बिघडणार असेल तरच रोल मागा. रॉबिन लॉझ यांची गमशू ही रहस्य शोधायच्या गेम्सची सिस्टीम तर यावरच उभी आहे, योग्य स्किल असलेला माणूस योग्य जागी शोधायला लागला की मुख्य धागा त्याला मिळतोच.

मी स्वतः कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा गेम चालवताना यात अडकलोय. ग्रंथालयात जुनं वर्तमानपत्र शोधायचं, तिघांचा लायब्ररी यूज (ग्रंथालयात शोधायच्या स्किलचा रोल) फेल, आणि पाऊण तास सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले, त्यातली एक मुलगी पहिल्यांदाच खेळायला आली होती, ती परत आलीच नाही, ते मला अजून लागतं. आता मी असं करतो, वर्तमानपत्र सापडणारच, रोल फक्त किती वेळ गेला याचा. पास झालात तर तासाभरात, नाही तर बाहेर येईपर्यंत अंधार पडलेला असतो आणि समोरच्या फुटपाथवर कुणीतरी तुमची वाट बघत उभं असतं.